कोहळ्यावरचा पहिला घाव

ज्या मुलखात जेवताना पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आले नाही तर यजमानीण खजील होते, त्या मुलखात सौम्य तिखटाचा सॉस करून विकावा, ही कल्पना ज्या सुपीक डोक्यातून निघाली ते डोके पुढे बढती मिळवून मुंबईला गेले. आम्ही मात्र कारंजा गावातच राहिलो आणि सॉस करीत राहिलो.

हा काळ सत्तरच्या दशकातला, मोठा दुष्काळ ओसरल्यानंतरचा. आजचा वाशीम जिल्हा तेव्हा अकोल्याच्या पोटात होता. मी शाळेत गृहविज्ञान शिकवीत असे. महिलांसाठी खाद्यपदार्थांचे एक उत्पादन केंद्र निघाले, त्याला पर्यवेक्षिका हवी होती. आणि जिला मीठ-साखरेचे प्रमाण फळ्यावर लिहिता येते तिला कारखानाही चालवता येईल, असे केंद्राच्या समितीने गृहीत धरले. समितीची अशी बरीच गृहीतके पुढे यायची आहेत.

प्रथम पदार्थ समजावून सांगते. पदार्थ न समजता त्यावर मत देण्याचा अधिकार फक्त समितीच्या सदस्यांना असतो, वाचकांना नाही.

पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याला आमच्याकडे कोहळे म्हणतात. आश्विनात कोहळी पिकतात, आणि पिकतात म्हणजे इतकी पिकतात की शेजारी दुपारी दार वाजवू लागला तर तो कोहळे घेऊन आला असेल या भीतीने लोक दार उघडत नाहीत. त्याच सुमारास मेडशीकडून तांबड्या मिरच्या येत. परतीच्या पावसाने त्या ओल्या राहत आणि उन्हात वाळण्याआधीच सडू लागत. म्हणून आम्ही गोदामामागच्या पडवीत बांबूचे माळे बांधले, खाली पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, विस्तव धुमसत ठेवला आणि मिरच्या धुरावर वाळवल्या. नाइलाजाने केलेल्या या उद्योगाने मिरचीला असा खमंग वास आला की पुढे समितीच्या अहवालात त्याचे वर्णन ‘नियोजनपूर्वक विकसित केलेली पद्धत’ असे झाले.

कृती सरळ आहे. कोहळे फोडून, वाफवून, चाळणीतून गाळावे. धुरावरच्या मिरच्यांच्या बिया काढून त्या भिजवाव्यात आणि लसणाबरोबर वाटाव्यात. हे सारे मीठ आणि गूळ घालून आटवावे. ताटलीत थेंब टाकला असता त्याच्याभोवती पाण्याचे कडे सुटले नाही म्हणजे आटणे पूर्ण झाले. मग भांडे विस्तवावरून उतरवावे आणि त्यानंतरच व्हिनेगर घालावे. उकळत्यात घातले तर ते वाफेबरोबर निघून जाते. व्हिनेगर केवळ आंबटपणासाठी असते असा पुष्कळांचा समज आहे. ते पहारेकरी असते. ते नसेल तर बाटलीत आंबण्याची क्रिया सुरू होते, आतला वायू बाहेर पडायला वाट शोधतो आणि वाट न मिळाल्यास स्वतः करून घेतो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. आमच्या केंद्रात ते भिंतीवर लिहिलेले होते, त्यामुळे कोणी लक्षात ठेवले नाही.

शरद ऋतूत होतो म्हणून या सॉसला ‘शरद’ असे नाव दिले. रंग झेंडूसारखा, चव आधी गोडसर, मग धुराची आणि शेवटी तिखटाची केवळ आठवण. पोहरादेवीच्या यात्रेत आम्ही दुकान मांडले तेव्हा एका गृहस्थांनी पळीभर सॉस तोंडात घेतला, बराच वेळ वाट पाहिली आणि विचारले, “बाई, तिखट कवा येते?”

मी म्हटले, “हे सौम्य आहे.”

“बिमार माणसाचं व्हय का? मंग दवाखान्यापुढं बसा ना.”

दुसऱ्या एका बाईंनी ‘टोमॅटोचा सॉस नाही का’ असे विचारून आमची बाटली परत ठेवली. त्या काळी टोमॅटोचा म्हणून विकला जाणारा काही सॉस मी चाखून पाहिला आहे. कोहळे मला कोणत्याही वेषात ओळखू येते. त्यांचे कोहळे टोमॅटोच्या नावाने विकले जाई आणि आमचे स्वतःच्या नावाने पडून राही. सत्याला किंमत असते असे मी मुलींना वर्षानुवर्षे शिकवले. ती किंमत किती असते, ते अभ्यासक्रमात नव्हते.

असो. मुख्य अडचण गिऱ्हाइकांची नव्हतीच. ती रोज सकाळी कोहळ्यापाशी उभी राही.

आमच्या भागात आख्ख्या कोहळ्याला बाई पहिला घाव घालीत नाही. कोहळे म्हणजे घरचा थोरला मुलगा, त्यावर बाईने शस्त्र चालवू नये. पुरुषाने एकदा चीर दिली की ते मुलगा राहत नाही, भाजी होते. मग बायकांनी त्याच्या फोडी कराव्यात, शिजवावे, वाटावे, काहीही करावे. ज्या कारखान्यात साऱ्या कामकरी बायका आणि कच्चा माल कोहळे, त्या कारखान्याची योजना आखताना हा मुद्दा कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. योजना आखणारे सर्व पुरुष होते. त्यांच्या घरी कोहळे नेहमी फोडलेलेच दिसत असावे.

केंद्रात पुरुष एकच, शिपाई रहीमचाचा. घंटा वाजवणे, दार उघडणे आणि टपाल आणणे एवढे त्यांचे काम. पहिल्याच आठवड्यात भट्टीवरच्या द्वारकाबाईंनी त्यांच्या हाती कोयता दिला. द्वारकाबाई वयाने सर्वांत मोठ्या, विधवा, हाताला चव असलेल्या आणि व्रतवैकल्यांत कडक. चाचा ‘बिस्मिल्ला’ म्हणून कोयता घालीत, कोहळे दुभंगे आणि बायका निश्चिंत मनाने कामाला लागत. थोरल्या मुलाच्या हत्येचे हिंदू पाप ‘बिस्मिल्ला’ने निवारण होते, हे मी कोणत्याही धर्मग्रंथात वाचलेले नाही, पण आमच्या केंद्रात ते एका संपूर्ण हंगामात सिद्ध झाले.

चाचा मात्र कुरकुरत. “बाई, मले पगार घंटीचा भेटते का कोहळ्याचा, येवढं सांगून टाका.”

दुसऱ्या हंगामात, ऐन नवरात्रात, चाचा भाच्याच्या लग्नाला गेले. सकाळी गाडीभर कोहळी उतरली आणि बायका त्यांच्याभोवती हात बांधून उभ्या राहिल्या. रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या पुरुषाला बोलवावे असे ठरले. एक सायकलवाला आला, त्याने कोहळ्यांचा ढीग पाहिला आणि ‘आत्ता येतो’ म्हणून गेला. तो अजून यायचा आहे.

चिरण्याच्या मेजावर सुमनबाई नावाची तरुण बाई होती. तिच्या सासरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. केंद्रात येण्याआधी ती दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला, म्हणजे तण काढायला, जाई. छपराखालचे, बारमाही, ठरल्या पगाराचे हे तिचे पहिले काम. त्या पगारावर तिची मुलगी शाळेत जात होती आणि सुमनबाई ते कोणालाही विसरू देत नसे.

तिने द्वारकाबाईंना विचारले, “मावशी, मोठ्या पोरावर कोयता चालवू नाई म्हणता, मंग त्याले शिजवून बाटलीत कायले भरता वं?”

“फोडल्यावर पोरगा नाई राहत तो. फोडाले पुरुष पाह्यजे.”

“आमी हे मानत नाही.” असे म्हणून तिने कोयता उचलला. पहिले कोहळे फुटले, मग दुसरे. आभाळ जागेवर राहिले. माझ्या लक्षात आले की बाकीच्या बायकांपैकी एकीनेही तिला अडवले नाही. उलट दोघीतिघींनी कोहळी सरकवून तिच्यापुढे आणून ठेवली. यांना पाप नको होते, तिला पाप मान्य नव्हते. इतके सोयीचे श्रमविभाजन मी नंतर कोठेही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मला बैठकीसाठी अकोल्याला जावे लागले. बैठकीचा विषय ‘उत्पादनातील दक्षता’ हा होता. मी तेथे दक्षतेवर भाषणे ऐकत असताना इकडे द्वारकाबाईंनी सॉस शिजवला, बाटल्या भरल्या, पत्र्याची बुचे ठोकली. समितीचे अध्यक्ष, ज्यांना सारे गाव भाऊसाहेब म्हणे, त्यांनी त्यातल्या काही बाटल्या आपल्या अडतीवर शोभेसाठी मांडल्या. भाऊसाहेब कापसाचे अडत्ये. सॉस त्यांनी कधी चाखला नव्हता. तत्त्व म्हणून ते बायकांच्या उद्योगांना केवळ मार्गदर्शन करीत.

दसऱ्याला संध्याकाळी अडतीवर सोने द्यायला मंडळी जमली असताना पहिले बूच उडाले. दुसरी बाटलीच फुटली. एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या पांढऱ्या धोतरावर शरद ऋतू पसरला. केंद्रात येऊन पाहते तो फळीवरच्या बाटल्याही एकामागून एक सलामी देत होत्या.

कारण शोधण्याची कोणाला गरजच पडली नाही. रात्रीतून ते गावभर झाले होते. बाईने कोहळे फोडले, म्हणून बाटल्या फुटल्या. ‘कोणत्या’ बाईने, हे सांगताना आवाज जरा खाली येई, एवढाच फरक.

भाऊसाहेबांनी समिती केंद्रातच बोलावली आणि निर्णय आधी सांगून मग चर्चेला सुरुवात केली. सुमनबाईने देवीपुढे नारळ फोडून क्षमा मागावी आणि यापुढे बाटल्या धुवाव्यात. नाहीतर उद्यापासून येऊ नये.

सुमनबाई मेजाशी उभी होती. हात पदराला पुशीत म्हणाली, “बाटल्या धुवाचं काम वंगाळ नाई, साहेब. पण मी नारळ फोडणार नाई. म्या कोहळं फोडलं ते कामासाठी.”

“देवीची माफी मागायला काय जाते तुझं?”

“अन् एक सांगा. नारळ बी बाईनं फोडू नाई म्हणता ना तुमी? कोहळं फोडलं तं बाटल्या फुटल्या. नारळ फोडल्यावर काय काय फुटन?”

हा मुद्दा कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. बराच विचार करून भाऊसाहेबांनी तोडगा काढला की तिच्या वतीने रहीमचाचांनी नारळ फोडावा. लग्नाहून नुकतेच परतलेले चाचा दाराशी उभे होते; त्यांनी दोन्ही हात जोडले. “साहेब, कोहळ्यापोतर ठीक होतं. आता देवीपुढं मले कायले उभं करता? तिले काय सांगू, मी कोनाचा कोन?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण सुमनबाई हसली नाही. तिच्यापुढे प्रश्न उद्याच्या सकाळचा होता.

मी बोलायला उभी राहिले. रागाने बोललेले समितीच्या कार्यवृत्तात येत नाही, म्हणून मी शाळेतल्या सवयीचा आधार घेतला. म्हटले, “निर्णय झालाच आहे, तर उजळणी करायला हरकत नाही. द्वारकाबाई, तो घाणा कसा केलात, ओळीने सांगा. काही गाळू नका.”

द्वारकाबाईंना पाठांतराचा अभिमान होता. त्या ताठ उभ्या राहिल्या. कोहळे वाफवले, गाळले, मिरची वाटली, आटवले, ताटलीत थेंब पाहिला, भांडे उतरवले. “मंग चिंचेचा कोळ घातला.”

“व्हिनेगर?”

“शिरका? नवरात्रात?” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मीच काही भलते बोलले असावे. “त्याले दारूचा वास येते, बाई. माहे नऊ दिवसांचे उपास. घट बसेल हाय घरी, अन् मी दारूत हात घालू? आंबटच पाह्यजे होतं ना? चांगली जुनी चिंच आणली, भिजवली अन् गाळून टाकली. लय आंबट.”

“कोळ उकळला होता?”

“कायले? तुमीच तं शिकोलं, आंबट उतरवल्यावर घालाचं.”

यात लबाडी तिळभर नव्हती. त्यांनी माझा प्रत्येक नियम पाळला होता आणि पहारेकऱ्याच्या जागी, कच्च्या पाण्यातल्या चिंचेच्या रूपाने, चोरालाच उभे केले होते. उपवासामुळे घाणा चाखलाही कोणी नव्हता. सुमनबाईने चाखला असता, पण ती चिरण्याच्या मेजावर. भट्टीपाशी नवरात्रात तिला कोण येऊ देणार?

मला वाटले, प्रकरण संपले. पण मी विज्ञान शिकवणारी बाई. समितीच्या तर्कशास्त्राशी माझा परिचय नवा होता. भाऊसाहेब मान हलवून म्हणाले, “ते असेल. पण कोहळं रीतीनं फोडलं असतं, तर चिंचेनं काही केलं नसतं.”

यावर उत्तर नसते, प्रयोग असतो. मी तीन घाणे सुचवले. पहिला: कोहळे भाऊसाहेबांनी फोडायचे, व्हिनेगर घालायचे. दुसरा: कोहळे सुमनबाईने फोडायचे, व्हिनेगर घालायचे. तिसरा: कोहळे पुन्हा भाऊसाहेबांनी फोडायचे, पण चिंचेचा कच्चा कोळ घालायचा. बाकी सारे सारखे. तोवर सुमनबाई चिरण्याच्या मेजावरच राहील, कारण ती प्रयोगाचे साहित्य आहे. ‘साहित्य’ म्हटल्यावर समितीला पटले. माणूस म्हणून ते पटण्याची शक्यता कमी होती.

भाऊसाहेबांनी आयुष्यात प्रथमच कोहळे फोडले. दोन घाव चुकले, तिसरा मेजावर बसला. सुमनबाई हळूच म्हणाली, “साहेब, देठाच्या बाजूनं धरा. तुमचं बोट बी थोरल्या पोरासारखंच हाय.”

तिन्ही घाण्यांच्या बाटल्या वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवून खोलीला कुलूप लावले. त्या दिवसांत सुमनबाई येता-जाता त्या कुलपाकडे पाही. एकदा मला म्हणाली, “बाई, दुसऱ्या फळीवरची एक बी बाटली तडकली तं मी उद्या निंदणाले. अन् तुमचं विज्ञान मंग मले काही कामाचं नाई. बाटली जुनी असन तरी बी तडकन.” हे मला सुचले नव्हते. बाटल्या खरोखरच जुन्या होत्या. त्यानंतर मीही येता-जाता कुलपाकडे पाहू लागले.

दिवाळीपूर्वी समितीसमक्ष खोली उघडली. पहिली फळी शांत, दुसरीही शांत. तिसऱ्या फळीवर, जेथे भाऊसाहेबांच्या मर्दानी घावाचे कोहळे होते, तेथे बुचे छताला लागून आली होती आणि भिंत झेंडूच्या रंगाची झाली होती.

सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले. त्यांनी चष्मा पुसला, तिन्ही फळ्या पाहिल्या आणि निष्कर्ष सांगितला, “तिसऱ्याची चिंच वाईट होती, हे मान्य. आणि दुसऱ्याच्या वेळी मी इथे हजर होतो, म्हणून ते वाचलं. म्हणजे बाईनं फोडायला हरकत नाही, पुरुष हजर पाहिजे.”

विद्यार्थ्याने चुकीच्या रीतीने गणित सोडवले आणि उत्तर बरोबर आले, तर गुण द्यावेत की नाहीत, हा शिक्षकांचा जुना वाद आहे. त्या दिवशी मी पूर्ण गुण दिले. सुमनबाईचे काम टिकले, नारळ टळला. द्वारकाबाईंसाठी मी भिंतीवर नवे वाक्य लिहिले: ‘व्हिनेगर दारू नव्हे.’ त्यांनी ते वाचले आणि म्हणाल्या, “दारूचीच आई ना ते? का लेक?” रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती लेकच, म्हणून मी विषय वाढवला नाही.

अडचण भाऊसाहेबांची झाली. पुरुष हजर पाहिजे म्हटल्यावर रोज सकाळी घंटेला येऊन खुर्चीवर बसणे आले. चाचांना विचारले तर ते म्हणाले, “माह्या हजेरीचं जेवढं व्हतं तेवढं मांगच्या साली वापरून झालं.” भाऊसाहेब काही दिवस डोळे चोळत आले. मग कापसाचा हंगाम भरात आला आणि एके सकाळी त्यांच्याऐवजी नोकराबरोबर त्यांची टोपी आली. ती चिरण्याच्या मेजावरच्या खुंटीला टांगावी, असा निरोप होता. आम्ही टांगली. उरलेला हंगाम आमच्या केंद्रात पुरुष म्हणून एक पांढरी टोपी हजर राहिली, आणि मी प्रामाणिकपणे नमूद करते की आजवरच्या सर्व पदाधिकाऱ्यांत कामात सर्वांत कमी व्यत्यय तिनेच आणला.

केंद्र पुढे तीन-चार वर्षांत बंद पडले. ‘शरद’ सॉसला तिखट माणसांनी बेचव ठरवले आणि नाजूक माणसांनी गावंढळ. त्याचे मला वाईट वाटते. तो चांगला होता.

पण त्या टोपीच्या हंगामातली एक दुपार सांगायची राहिली. जेवणाच्या सुटीत द्वारकाबाईंनी डबा उघडला. आत कोहळ्याची भाजी, मेथीदाण्याची फोडणी दिलेली. सुमनबाईने पाहिले. द्वारकाबाईंच्या घरी पुरुष नाही, हे सर्वांना ठाऊक होते. नवरा गेल्यापासून शेजारचा कोणी फोडून देईल तेव्हाच त्यांच्या घरी कोहळे शिजे, आणि शेजारी तर महिनाभर गावाला गेलेले.

“मावशी, कोणी फोडलं वं?”

द्वारकाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. “म्याच फोडलं. सकाळी टोपी टांगेल होती ना इथं? माहं घर काही लांब नाई.”

सुमनबाई हसता हसता मेजावर वाकली. द्वारकाबाईंनी तिला अर्धी भाकरी काढून दिली, त्यावर भाजी वाढली आणि बजावले, “हास, पण आधी चाखून सांग. मीठ झालं का बराबर?”